कापसातला सर्व्हर

पंधरा ऑगस्टला भाषणाच्या मधोमध माईक बंद पडला आणि तरीही कोकिळाचा आवाज मैदानाबाहेरच्या पानटपरीपर्यंत पोचला. त्या दिवसापासून दहावीतल्या कोकिळाला एक गोष्ट पक्की कळली, की आपल्याला जगातलं काहीही जमतं. त्याआधी ती वर्गात तोंड उघडत नसे. त्यानंतर मिटत नसे.

त्याच जोमात तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, महनूरनं, कापसाच्या भावाचं पान काढलं. जळगाव जामोदच्या कोणत्या जिनिंग मिलनं आज काय भाव दिला, गावात येऊन खरेदी करणारा व्यापारी किती देतोय, वजनात किती कापतोय, सगळं त्या पानावर. मोबाइलवर उघडायचं आणि वाचायचं. महनूरचा मोठा भाऊ अकील याचं जळगावात कम्प्युटरचं दुकान होतं आणि जिनिंगवाल्यांशी ऊठबस होती, त्यामुळे बातम्या तोच पुरवायचा. मागच्या साली कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. यंदा बोंडअळीनं निम्मा खाल्ला, तरी उरलेल्याला तोच भाव येईल म्हणून गावात कुणी विकायलाच तयार नव्हतं. घरोघरी समोरची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. माणसं स्वयंपाकघरात झोपायची आणि सकाळी अंग खाजवत उठून आधी कोकिळाचं पान उघडायची.

जानेवारीत अकीलचा निरोप आला. पान ठेवायला त्यानं पहिले काही महिने फुकट जागा दिली होती. आता वर्षाचं भाडं भरावं लागेल.

कोकिळानं जेवताना विषय काढला. तिचे बाबा, भगवानराव, घास हातातच धरून थांबले.

"बियाणं दरसाली इकत. फवारणीचं औषध दरसाली इकत. घरचं सरकीचं बी पेरत होतो तवा कोणाचं देणं नव्हतं. आता ह्या पानालेही दरसाली पैसे भरा म्हणते काय तू?"

"जागेचं भाडं हाये बाबा ते."

"कोठं हाये जागा? दाखव मले. सातबारा हाये तिचा?"

"दुसऱ्याच्या कम्प्युटरात हाये. तो दिवसरात्र चालू राह्यतो, म्हणून आपलं पान कोणालेही, कवाही दिसते."

"मंग आपला कम्प्युटर काय मेला?"

आपला कम्प्युटर म्हणजे लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला जुना डबा. तो मेला नव्हता, पण त्याची तब्येत काही खास नव्हती. कोकिळाचा घास मात्र तोंडातच राहिला. स्वतःचा सर्व्हर, स्वतःच्या घरात! महनूरला सांगायचं, शाळेत सांगायचं, विज्ञानाच्या सरांना तर सगळ्यात आधी सांगायचं. तिनं जेवण अर्धं टाकून हिशेब मांडला. एका बाजूला भाडं, दुसऱ्या बाजूला थोडीशी वीज. घरचा सर्व्हर इतका स्वस्त पडत होता की भाडं भरणारी सगळी दुनिया येडी आहे, असंच त्या कागदावरून वाटत होतं.

अकीलनं फोनवर समजावून पाहिलं. "कोकिळा, कागदावर सगळंच स्वस्त असते. घरचा सर्व्हर म्हणजे म्हैस पाळल्यासारखं हाये. एक दिवस गावाले जाता येत नाई."

"आम्ही कोठं जातो?" कोकिळा म्हणाली.

झालं. रविवारी अकील आला, काय ती जुळवाजुळव केली आणि संध्याकाळी पान कोकिळाच्या घरून चालू लागलं. ग्रामपंचायतीवरून आलेल्या इंटरनेटचा डबा समोरच्या खोलीत होता, म्हणून सर्व्हरही तिथंच बसला. भिंतीला लागून लोखंडी पेटी, पेटीवर कम्प्युटर आणि त्याच्या तीन बाजूंनी कापसाचा डोंगर.

कागदात न मांडलेले खर्च दुसऱ्या दिवसापासून दारात उभे राहिले. मिक्सर लावला की लाईट मंद व्हायची आणि सर्व्हर बसायचा, म्हणून मिक्सर बंद. पाहुणे यायचे आणि मोबाइल चार्ज करायला नेमका त्याचाच प्लग काढायचे. लाईट गेली की इन्व्हर्टर आधी त्याला, मग पंख्याला. कापसाची फुसं त्याच्या जाळीत अडकायची, म्हणून कोकिळा रोज सकाळी जुन्या टूथब्रशनं त्याचे दात घासल्यासारखी जाळी घासायची.

"घरजावई आणून बसवला मायवं," तिची आई सुभद्राबाई म्हणायची. "समोरच्या खोलीत बसते, गरम होते म्हणून कुरकुर करते, त्याले हात लावू नका, त्याले उठवू नका. कामधंदा काय करते ते कोणाले दिसत नाई."

"आई, त्याच्यामुळे अख्ख्या गावाले भाव समजून राह्यला."

"गावाले समजते. वाटण मी पाट्यावर वाटून राह्यली."

तीन आठवडे असेच गेले. मग तो शनिवार उजाडला.

शनिवारी सकाळची शाळा. रविवारी व्यापारी टेम्पो घेऊन गावात येणार हे सगळ्यांना माहीत होतं. भाव काही चढत नव्हता, लोक वाट पाहून थकले होते, यावेळी बरेच जण विकणार होते. मधल्या सुट्टीत महनूर धावत आली.

"अकीलभाईचा फोन होता. उद्या व्यापारी ओलावा मोजायचं मीटर आणून राह्यला. कापूस दमट निघाला की भाव पाडणार, नाईतर परतच पाठवणार. आत्ताच्या आत्ता पानावर टाक."

कोकिळानं शाळेतल्या कम्प्युटरवर पान उघडलं. उघडेना. पुन्हा उघडलं. पांढरी खिडकी नुसती गरगरत राहिली.

"पडलं काय गं?" महनूरनं विचारलं.

"माह्यं पान पडत नाई," कोकिळा म्हणाली आणि दप्तर तिथंच टाकून निघाली.

पान पडल्याचं दुःख वेगळंच. भाव नाही दिसला तर लोक एक दिवस चिडतील. पण ही बातमी आज नाही पोचली, तर उद्या व्यापारी मीटर खुपसेल, मनाला येईल तसा भाव पाडेल आणि गाव म्हणेल, ऐन वेळी पोरीचं खेळणं बंद पडलं. पुन्हा ते पान कोण उघडणार? सर्व्हर घरी ठेवते म्हणून शाळाभर सांगत फिरलेली तीच होती. ती पळतच घरी पोचली.

समोरच्या खोलीत भगवानराव उभे होते. पाठीला फवारणीचा पंप, हातात नळी, नळीच्या टोकातून ठिबक ठिबक. सर्व्हर युरियाच्या प्लॅस्टिकच्या गोणीत घातलेला आणि गोणीचं तोंड सुतळीनं घट्ट आवळलेलं. गोणी ओलीचिंब होती. खोलीत जळलेल्या पोळीसारखा वास.

कोकिळा एक शब्द बोलली नाही. घरात ते इतकं नवीन होतं की सुभद्राबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"मी त्याले जपूनच ठेवलं होतं," भगवानराव म्हणाले. "ओलं होऊ नये म्हणून गोणीत बांधलं. चालूच होतं आतमंदी, तुह्यं काम थांबू देलं नाई. मंग धूर निघाला. बाजूले एवढा कापूस! पंप पाठीवर होताच, मारलं पाणी."

"ओलं होऊ नये म्हणून बांधलं?"

"हाव."

"मंग पाणी मारलं?"

"धूर निघाल्यावर मारलं."

"धुराच्या आधी पंप पाठीवर काऊन होता बाबा?"

भगवानरावांनी सुभद्राबाईकडं पाहिलं. सुभद्राबाईनं छताकडं पाहिलं. कोकिळानं कापसात कोपरापर्यंत हात घातला. तिथपर्यंत सगळा कापूस थंडगार आणि दमट होता, सकाळी दंव पडल्यासारखा.

"उद्या वजन होणार होतं," भगवानराव हळूच म्हणाले. "जरासं मारलं. सगळेच मारतात. व्यापारी काट्यात मारते, आपण पंपानं मारतो. हिशेब बराबर होते."

"उद्या तो मीटर आणून राह्यला. ओला निघाला की भाव पाडणार, नाईतर कापूस परत."

भगवानरावांच्या हातातली नळी खाली गेली. "हे पानावर काऊन नाई टाकलं?"

कोकिळानं गोणीकडं बोट दाखवलं.

मग भगवानरावांनी पंप उतरवला, खुंटीवरच्या सदऱ्यातून मोबाइल काढला आणि अकीलला फोन लावला.

"अकील, बेटा, ते जागेचं भाडं. हाव, भरतो. आत्ता भरतो, पण पान आत्ता चालू झालं पाह्यजे. नाई, कम्प्युटरले काही झालं नाई. जराशी सर्दी झाली त्याले."

पानावरचं सगळं महनूर दर रविवारी पेनड्राइव्हमध्ये उतरवून ठेवायची, त्यामुळे काम अडलं नाही. शाळेतून तिनं ते अकीलला पाठवलं आणि बाराच्या सुमाराला पान उघडलं. उघडलं आणि उघडंच राहिलं. जाळी घासायला नको, प्लग राखायला नको. कोकिळाला जरासं रिकामं रिकामंच वाटलं, पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही. आईच्या मोबाइलवरून तिनं मीटरची बातमी टाकली.

इकडं भगवानराव गाठोड्यात कापूस बांधून दारापाशी अडून बसले होते.

"वाळाले अंगणात टाकीन, पण गाव काय म्हणल? डिसेंबरात वेचून कोरडा करून ठेवलेला कापूस आज ऊन खाऊन राह्यला म्हणल्यावर शेंबड्या पोरालेही समजते."

"मंग राहू द्या ओला," सुभद्राबाई म्हणाली. "इज्जतीनं परत येऊ द्या."

भगवानरावांनी दार किलकिलं करून बाहेर डोकावलं. समोरच्या घरचा इंद्रभान डोक्यावर भलंमोठं गाठोडं घेऊन अंगणात आला, इकडंतिकडं पाहिलं, पटकन ताडपत्री अंथरली आणि त्यावर कापूस ओतला. त्याच्या पलीकडं शंकररावांच्या घराच्या धाब्यावर दोघंजण चादरीवर कापूस पसरत होते. गल्लीच्या टोकाला जनकाबाईनं तर बाजच काढली होती.

भगवानराव दार सताड उघडून बाहेर आले.

"काय इंद्रभान, ऊन दाखवून राह्यला काय कापसाले?"

"हाव, जराशी हवा लागली पाह्यजे."

"लागली पाह्यजे, लागली पाह्यजे. कोंडून कोंडून दमटते बिचारा."

"लय दमट हवा हाये या साली," इंद्रभान आभाळाकडं पाहत म्हणाला. आभाळ काचेसारखं कोरडं होतं.

अर्ध्या तासात गल्ली पांढरी झाली. सगळे कामात होते आणि कुणी कुणाला काहीच विचारत नव्हतं. कोकिळा ओसरीवर मोबाइल घेऊन बसली होती. पान उघडणाऱ्यांचा आकडा चढत होता आणि त्याबरोबर ती जागेवरच उड्या मारत होती.

भगवानराव कापूस पसरता पसरता तिच्याजवळ सरकले.

"ते मीटर," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "वरूनच पाह्यते का आतून?"

"आतून, बाबा. सळई खुपसतात पार मधात."

भगवानराव ढिगाशी परतले. मग धोतर खोचून त्यांनी खालचा कापूस वर उन्हात घ्यायला सुरुवात केली. समोर इंद्रभाननं मान वर केली, हातातली बिडी विझवली आणि गुपचूप आपलाही ढीग उलथायला घेतला.