तुम्ही म्हणाल तसं

आमच्या धंद्यात माणूस चेहऱ्यावरून लक्षात राहत नाही, डोक्यावरून राहतो. आरशात सगळे सारखेच दिसतात, मानेला कापड गुंडाळलेले आणि जरा धास्तावलेले. मागून मात्र लपवाछपवी चालत नाही.

त्या दुपारी खुर्चीत येऊन बसलेला वाळकुडा माणूस मीही तोंडावरून ओळखला नाही.

"बारीक करू की मध्यम?" मी विचारलं.

"करा मध्यम."

"तुम्ही म्हणाल तसं."

हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो. घरीही म्हणतो, आणि बायको भडकते.

पाणी मारून कंगवा फिरवला तर टाळूच्या मागे दोन भोवरे. अगदी शेजारी शेजारी, एक उजवीकडे वळलेला, एक डावीकडे. असले भोवरे मी एकाच डोक्यावर पाहिले होते. वस्तादांच्या हाताखाली माझ्याबरोबर एक गोलमटोल पोरगा शिकायला होता. आम्ही दोघांनी एकमेकांच्या डोक्यावर हात साफ करून घेतला. त्याचे भोवरे बघून वस्ताद म्हणायचे, याला दोन बायका होणार.

"एकीवरच भागवलंस ना रे, ढब्बू?" मी विचारलं.

तो असा गर्रकन वळला की हातात वस्तरा नव्हता म्हणून बरं.

"गोगल्या! तू? अरे, मला कोणीतरी सांगितलं तू भावाकडे गेलास, धंदा सोडलास!"

गोगल्या म्हणजे गोगलगाय. माझ्या कामाच्या वेगावरून पडलेलं नाव. आता ढब्बूचा काटा झाला होता, पण मी काही हरिण झालो नव्हतो.

एकाच शहरात राहून इतकी वर्षं भेट नाही, याचं कोणालाही नवल वाटेल. पण सगळ्या सलूनवाल्यांची सुट्टी एकाच वारी. एका कारागिराला दुसऱ्याचं दुकान कधी उघडं दिसतच नाही. तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आज तर सुट्टीचा वार नाही, मग तू इथे कसा?"

"दुकान सोडलं," तो म्हणाला. "लेकीकडे निघालोय कायमचा. उद्या सकाळची गाडी. स्वतःचे केस स्वतःला कापता येत नाहीत, म्हणून शिरलो दिसेल त्या सलूनमध्ये."

मी कात्री चालू केली. तो आरशात बघून बोलत राहिला. दुकान छोटं, दोन खुर्च्यांचं, पण नळाला पाणी आणि दारात सावली. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहते. खाली सलून असलेलं तिला आवडतं, कारण गोंगाट नाही आणि संध्याकाळी वेळेत बंद. पण ते पुढे चालवायला ढब्बूला कोणी कारागीर मिळाला नाही. ज्यांना विचारलं ते नुसते हो-हो करत राहिले. म्हणून आज चार वाजता मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण येणार होता, दुकान ठरवायला.

"घे ना तू," ढब्बू म्हणाला.

आता माझी गोष्ट सांगतो. स्वतःचं दुकान ही माझी जुनी हौस. डिपॉझिटपुरती शिल्लक बायकोने केव्हाच जमवून ठेवलेली. अडलं होतं ते माझ्यापाशी. कधी जागा लांब वाटायची, कधी दिवस बरे नाहीत असं वाटायचं. इथले मालक माझ्यापेक्षा लहान, मला काका म्हणतात, कधी आवाज चढवत नाहीत. सुखाचा जीव. आणि तरी रोज शटर ओढताना मनात यायचं की हे आपलं नाही.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"गोगल्या, तुझा विचार होईपर्यंत तिथे कव्हरं लटकतील. मी उद्या नसणार. मग सांगणार कोणाला?"

माझा हात थांबला. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर असा हात माझा कधी थांबत नाही. मालकांनीही मोबाईलमधून मान वर काढली.

"काय झालं, काका?"

"जरा जाऊन येतो."

"गिऱ्हाईक अर्धं टाकून?"

"गिऱ्हाईक बरोबरच नेतोय."

ढब्बूची डावी बाजू झाली होती, उजवी तशीच होती. त्या अवतारात आम्ही रस्त्याने निघालो. लोक वळून बघत होते. बघू देत. चालता चालता बायकोला फोन लावला.

"हे बघ, एक दुकान आहे..."

"विचार करून सांगतो असं म्हणाला नाहीत ना?"

"म्हणालो. पण चाललोय."

"मग फोन ठेवा आणि पाय उचला."

जिना चढून वर गेलो तर कव्हरवाला आधीच कोचावर बसलेला. तरुण, चुणचुणीत, इस्त्रीचा शर्ट. घरमालकीण आजी खिडकीपाशी होत्या. त्यांनी आधी ढब्बूकडे पाहिलं.

"हे कोणी केलं तुझं?"

"यानेच. माझा मित्र. हात माझ्यापेक्षा चांगला आहे, आजी, अर्ध्यावर जाऊ नका."

आजी हसल्या, मग माझ्याकडे वळल्या. "बोला. तुम्हाला हवंय का दुकान?"

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तुम्ही म्हणाल तसं."

ढब्बूने कपाळाला हात लावला.

"मी म्हणेन तसं?" आजी म्हणाल्या. "मग या मुलालाच देते. त्याला निदान हवंय."

"मला हवंच आहे, आजी," कव्हरवाला लगेच म्हणाला. त्याची काही चूक नव्हती. विचारलं, त्याने सांगितलं. एवढं सोपं असतं ते.

माझे कान तापले. स्वतःचाच असा राग आला की मोठ्याने बोललो. "नाही. मला हवंय. मी चुकीचं बोललो. तुम्ही काहीही म्हणा, मला हे दुकान हवंय. मी ते सलूनच ठेवीन."

आजी म्हणाल्या, "बरं. घाई नाही. उद्या या सकाळी, शांतपणे ठरवू."

उद्या. माझा आवडता दिवस. मी नुसती मान हलवली असती तरी कोणाला वावगं वाटलं नसतं.

"उद्या नको," मी म्हणालो. "आत्ताच ठरवू."

आजी कव्हरवाल्याकडे वळून म्हणाल्या, "तुला दुसरीकडे मिळेल, बाळा." तो उठला, माझ्याशी हात मिळवून गेला. शहाणा मुलगा. मला त्याचं वाईट वाटलं, पण दुकान सोडावंसं वाटलं नाही.

"दे याला किल्ली," आजी ढब्बूला म्हणाल्या.

मला आनंद झाला होता. आणि हा मित्र आज सापडला नि उद्या चालला याचं दुःखही झालं होतं, दोन्ही एकदम. ढब्बूने खिशातून किल्ल्यांची रिंग काढली. घराच्या, कपाटाच्या किल्ल्यांमध्ये दुकानाची होती. आयुष्यभर वस्तरा धरलेली ती बोटं, पण त्याला ती किल्ली रिंगमधून निघेना. नखाने ओढली, दाताने ओढली. मी मदत केली नाही, ती त्यालाच काढायची होती. आजी खिडकीबाहेर बघू लागल्या.

शेवटी ती सुटली. मी हात आधीच पुढे केला होता.