पाटीवरच्या दोन विमला

मुलांनो, कल्पना करायची म्हणून डोळे मिटू नका. मी तुम्हांला जिथं उभं करणार आहे तिथं डोळे मिटले तर कुणाचं तरी कोपर लागेल. रविवारची सकाळ आहे, साडेनऊ वाजलेत, साल एकोणीसशे अठ्ठावन्न. बेंगळुरात चामराजपेटेत रघुपतींचं हॉटेल आहे आणि त्यातल्या बायका-मुलांच्या खोलीच्या दाराशी तुम्ही उभे आहात. आत आठ टेबलं, बाहेर चाळीस माणसं आणि सगळीकडे लोण्यातल्या डोशाचा वास. तुमच्या हातात पाटी आणि खडू. आत आधी कोण जाणार आणि नंतर कोण, ते तुम्ही सांभाळायचं. जमेल?

सगुणाबाईंना जमत होतं. आधी दोन वर्षं त्यांनी याच हॉटेलच्या मागच्या अंगणात रगड्यावर डोशाचं पीठ वाटलं होतं. तळहातांना घट्टे पडले, कंबर धरली. त्यांना लिहितावाचता येतं हे कळल्यावर रघुपतींनी त्यांना दाराशी आणून उभं केलं.

त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि स्वतःचं नाव चारचौघांत पुकारलेलंही त्यांना आवडत नसे. मग पाटीवर लिहायचं काय? सगुणाबाईंनी तोड काढली. बरोबरच्या मुलाचं नाव लिहायचं. पाळी आली की त्या खणखणीत आवाजात म्हणत, "त्रिविक्रम, बन्नी." कानडीत धाकट्याला ‘बा’ म्हणतात, म्हणजे ये. मानाच्या माणसाला ‘बन्नी’, म्हणजे या. पाच वर्षांच्या त्रिविक्रमला आजवर कुणी ‘या’ म्हटलेलं नव्हतं. तो छाती पुढं काढून आत शिरे आणि त्याची आई हसू दाबत त्याच्या मागून.

त्या रविवारी गर्दीनं कहर केला होता. एका टेबलावर कॉफी सांडली. दुसऱ्यावर एक आजीबाई खाणं आटोपल्यावर जपमाळ ओढत बसल्या. वाढपी देवाप्पा दोन हातांत सहा बशा घेऊन आला आणि म्हणाला, "अक्का, स्वल्प थांबवा लोकांना. तव्यावर जागा नाही."

"माणसं थांबवते रे. त्यांची भूक कशी थांबवू?"

रांगेतून एक बाई कुरकुरल्या, "आमचं नाव पुसलं की काय?"

"पुसलं नाही, पाळी पुढं सरकलीय. तुम्हीही सरका."

तेवढ्यात एक टेबल रिकामं झालं. आता पाळी पाटीवरच्या तिसऱ्या नावाची होती. "विमला, बन्नी," सगुणाबाईंनी पुकारलं.

ही विमला भागुबाईंची नात. भागुबाई पहाटेच्या गाडीनं के. आर. पुरमहून कोथिंबीर आणून बाजारात विकत. दिवाळीपासून नातीला कबूल केलेला डोसा आज खाऊ घालायचा होता, आणि अकराची परतीची गाडीही गाठायची होती. रिकामी टोपली कुठं ठेवावी म्हणून त्या वळल्या, एवढ्यात दुसरीच एक नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर आत जाऊन बसलीही. तिचंही नाव विमला होतं. पाटीवर अकरावी.

सगुणाबाई टेबलाशी गेल्या. "बाई, चूक माझी. दोन विमला आहेत आणि मी नुसतंच नाव पुकारलं. ही पाळी त्या विमलाची. तुमच्या आधी अजून सात नावं आहेत."

मुलीच्या आईचं नाव गोदूबाई. हॉटेलची इमारत त्यांच्या घरची होती. "बसलेल्या माणसाला कुणी उठवतं का?" त्या म्हणाल्या. "आणि कुणासाठी, तर कोथिंबीरवालीसाठी."

"विमलासाठी," सगुणाबाई म्हणाल्या.

रघुपती गल्ल्यावरून धावत आले. "अहो, ही जागाच त्यांची आहे. बसू द्या."

"जागा त्यांची असेल, अण्णा. पाळी त्यांची नाही."

"उद्यापासून पुन्हा रगड्यावर बसायचंय का?"

इथं जरा थांबून मनाशी सांगा, तुम्ही काय केलं असतं?

"बसेन," सगुणाबाई म्हणाल्या. "पीठ वाटायला मला येतं. पण आज पाटी माझ्या हातात आहे, आणि तिच्यावर जे लिहिलंय तेच मी वाचणार. वेगळं वाचून हवं असेल तर वेगळं माणूस आणा."

त्या दाराशी परतल्या आणि पुन्हा पुकारलं, "विमला, बन्नी. तीन नंबरची विमला."

भागुबाई नातीला घेऊन उंबऱ्यावर घुटमळत होत्या. "राहू दे गं अक्का. माझ्यापायी तुझी भाकरी कशाला जायला हवी? आम्ही जातो."

"उंबऱ्यावरून हलू नका. तुम्ही गेलात तर मी भांडू कुणासाठी?"

"द्या ती पाटी इकडं," रघुपती म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला. सगुणाबाईंनी पाटी, अक्षरांची बाजू बाहेर ठेवून, छातीशी घट्ट धरली.

आत देवाप्पानं सवयीनं गोदूबाईंच्या विमलापुढं डोसा आणून ठेवला. तिनं त्याला हात लावला नाही. "आई, आपण कितवे?" तिनं विचारलं.

"गप खा."

"मी वाचलंय. आपण अकरावे."

"तुला कुणी विचारलं? खा म्हटलं ना."

विमला खुर्चीवरून उतरली. आईनं धरलेला हात तिनं हळूच सोडवून घेतला. उंबऱ्यावरच्या विमलाला ती म्हणाली, "तुमचा डोसा आलाय, निवेल." मग रघुपतींच्या पुढं केलेल्या हाताखालून वाकून ती दाराबाहेर आली, पाटीवरच्या अकराव्या नावावर बोट ठेवून "ही मी" म्हणाली, आणि दहाव्या नंबरच्या मागं जाऊन रांगेत उभी राहिली.