कवडीचं नाक

कवडी सापडली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, ओहोळाच्या काठच्या करवंदीच्या जाळीत. रुपीनं आदल्या संध्याकाळपासून हाका मारून घसा बसवून घेतला होता आणि कुत्री होती ती घरापासून हाकेच्या अंतरावर. भुंकली नव्हती, केकाटलीही नव्हती. पुढच्या डाव्या पायात मोटरसायकलच्या क्लचची तार रुतली होती आणि सुटायच्या धडपडीत तिनं ती हाडापर्यंत ओढून घेतली होती.

तार कोणाची, हे रुपीला कोणाला विचारावं लागलं नाही. भात निसवलं की रानडुकरं उतरतात आणि उभ्या शेताचा चिखल करून जातात, म्हणून तिचा धाकटा दीर सोम्या दरसाल बांधाच्या कडेनं फास लावायचा. डुक्कर सापडलं की पाड्यावर वाटे पडायचे. एक वाटा रुपीच्या घरीही यायचा आणि तिनं तो आजवर आवडीनंच शिजवला होता.

तिनं कवडीला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, जामसरच्या रस्त्यापर्यंत कडेवर नेलं आणि जीपमध्ये घालून जव्हार गाठलं. तिथं शलाका नावाच्या डॉक्टरीणबाईंचा जनावरांचा दवाखाना होता. बाजारपेठेतल्या भांडीवाल्याची ही मुलगी, बाहेर शिकून पुन्हा गावात आलेली.

"कशात अडकली?" शलाकानं विचारलं.

"काटेरी तारेत."

शलाकानं जखम नीट पाहिली, मग रुपीकडं पाहिलं. "काटेरी तार अशी बांगडीसारखी गोल कापत नाही, ताई."

रुपी कवडीखालचं लुगडं सारखं करत राहिली. दिराचं नाव घेतलं तर वनखातं दारात येणार, हे तिला कळत होतं. शलाकानंही पुढं विचारलं नाही. पाय मात्र वाचणार नव्हता. तो खांद्यापासून काढावा लागला.

रुपीचा नवरा पांड्या भिवंडीला गोदामात हमाली करायचा. त्याला फोनवर सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "कुत्रीच्या पायासाठी भावाशी वाकडं घेऊ नको. मी इथं हाय. शेताला नांगर कोण धरतो? तोच ना?"

ते खरंच होतं. सोम्या अंगणात आला की रुपी त्याला पाणी द्यायची आणि आत निघून जायची.

जखम भरली, टाके निघाले. शलाका म्हणाली होती की तीन पायांवर कुत्री महिन्याभरात पळायला लागतात. कवडीला पळता येत होतं, हे रुपीनं एकदा स्वतः पाहिलं. घरात कोणी नाही असं वाटून ती चुलीपासून दारापर्यंत टुणटुण गेली आणि रुपीची चाहूल लागताच परत कणगीमागं शिरली. पूर्वी हीच कुत्री जामसरच्या रस्त्यावरून जीप येताना ऐकून उड्या मारायची. आता ती उंबरा ओलांडेना. सोम्याचा आवाज आला की आहे तिथंच मुतायची. थंडी गेली, होळी झाली, तरी कणगीमागची ती जागा तिनं सोडली नाही. पाड्यावरच्या बाया म्हणायच्या, "कशाला पोसतेस? ना राखणीची, ना कामाची." रुपीलाही कधी कधी वाटायचं की तेव्हाच मेली असती तर बरं झालं असतं. असं मनात आलं की तिला स्वतःची भीती वाटायची.

उन्हाळ्यात ती पुन्हा दवाखान्यात गेली आणि शलाकाला म्हणाली, "पाय गेला तो गेला. पण ही आतूनच मेलीय. हिला औषध द्या काय तरी."

शलाकानं तिथंच बिस्किटांचे रिकामे खोके जमिनीवर मांडले. एकात सुक्या बोंबलाचा तुकडा टाकला आणि कवडीला मोकळं सोडलं. "याला काही ठिकाणी सेंट वर्क म्हणतात. आपण नाकाचा खेळ म्हणू. यात उडी नाही, धावणं नाही. पाय गेला तरी नाक अख्खं आहे ना तिचं?"

"मी काय शिकवू तिला?"

"काही नाही. तुम्ही बोट दाखवायचं नाही, हाक मारायची नाही, चुकली तरी रागवायचं नाही. ती पुढं, तुम्ही मागं. या एका खेळात तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, हे तिच्या ध्यानात येऊ द्या."

कवडी टेबलाखालून हललीसुद्धा नाही. पण तिच्या नाकपुड्या मात्र हलत होत्या.

रुपी खोके बांधून घरी घेऊन आली. आधी कणगीजवळच एक खोका ठेवला, मग दोन, मग दारापाशी. जाऊ रंजना, म्हणजे सोम्याची बायको, पाणी भरून येताना थांबून बघायची आणि हसून म्हणायची, "वैनी, आमाला बोंबील महाग झालाय आन् तू कुत्रीला लपाछपी खेळवतेस!" रुपी हसण्यावारी न्यायची. मग एके सकाळी खोका ओट्यावर ठेवलेला असताना कवडी उंबऱ्याशी आली, थरथरत थांबली, मान लांब करून वास घेतला आणि उंबरा ओलांडून गेली. खोक्यात तोंड खुपसून बाहेर काढलं तेव्हा तिची शेपटी हलत होती. रुपीनं पदर तोंडात कोंबला, कारण शलाकानं ओरडायचं नाही म्हणून बजावलं होतं.

पावसाळा लागेपर्यंत कवडी अंगणात, परसात, गोठ्याच्या वळचणीला असं कुठंही लपवलेलं हुडकू लागली. पुढं बोंबील सुटला आणि लवंगेच्या तेलाचा बोळा आला. डबीतला बोळा सापडला की ती बसायची आणि रुपीकडं बघायची, मग बक्षीस. एवढ्यावर ती बदलली. पाड्यावरच्या बोकडावर भुंकली. एकदा सोम्या आला तेव्हा ती आत पळाली खरी, पण दारातून डोकावली.

भादव्यात सोम्यानं पुन्हा तारा बाहेर काढल्या. ओट्यावर बसून तो फास वळत होता. रुपीनं ते पाहिलं आणि तोंडाशी आलेलं गिळलं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी जव्हारच्या एका शाळेच्या सभागृहात शलाकानं नाकाच्या खेळाचा मेळा भरवला. नाशिकहून, ठाण्याहून लोक आपापली कुत्री घेऊन आले होते. पट्टे, पाण्याच्या बाटल्या, चकचकीत अंगाची कुत्री. तीन पायांची दोन होती: एक नाशिकचं, गाडीखाली आलेलं, आणि कवडी. रुपी ठेवणीतलं लुगडं सावरत भिंतीशी उभी राहिली. आपण इथं कशाला आलो, असं तिला झालं होतं. पण पाळी आली आणि कवडी पुढं झाली. पहिली डबी खुर्चीखाली होती, ती झटक्यात सापडली. दुसरी खिडकीच्या कट्ट्यावर. कवडी खाली बसून वर बघू लागली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुपीच्या छातीत काहीतरी मोठं होत गेलं.

तिसरी डबी व्यासपीठाच्या पायरीजवळ होती. तिथं माईकची वायर वेटोळं करून पडलेली होती. कवडीनं वेटोळं पाहिलं आणि तिचं सगळं अंग खाली बसलं. तोंडातून आवाज नाही, नजर थिजलेली, खालून ओल पसरली. कोणीतरी हळूच "अरेरे" म्हणालं. रुपीनं सगळ्यांसमोर तिला उचललं आणि सरळ बाहेर गेली. शलाका मागोमाग धावत आली.

"माझी चूक. मी वायर बघायला हवी होती," ती म्हणाली.

"तुमची कशी?" रुपी म्हणाली. "तार तुम्ही नाय लावली."

वर्षभर न घेतलेलं नाव आता ओठांवर होतं. शलाकानं सावकाश विचारलं, "खात्याला कळवू का, ताई?"

"नको. मी बोलते."

जीपमधून उतरली ती घरी न जाता सोम्याच्या अंगणात गेली. सोम्या खाटेवर पडला होता, रंजना चुलीशी होती.

"सोम्या, फास काढ. सगळे."

तो उठून बसला. "आन् डुकरं?"

"राखण करू. मी शेतातल्या माळ्यावर बसेन, डबा वाजवीन."

"तू डबा वाजवशील आन् डुकरं पळतील!" तो हसला, मग त्याचा आवाज चढला. "भात गेलं तर काय खाशील, वैनी? ही तीन पायांची? दादा तिकडं पोती उचलतो, मी इथं एकला मरतो. माझ्याशी वर्षभर धड बोलली नाय तू. मी काय जाणून अडकवली होती तिला?"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि त्यानं रुपी अधिकच पेटली. "जाणून नाय अडकवली. पण मी सांजेपासून हाका मारत होते तवा फास कुठं कुठं हायेत ते तुला ठाऊक होतं. तू बघायला गेला नाय."

सोम्यानं मान फिरवली. मग म्हणाला, "काढतो उद्या."

दोन-तीन दिवसांनी त्यानं सांगितलं, सगळे काढले. रुपीनं विश्वास ठेवला, कारण ठेवायचाच होता.

कवडीला मेळ्यानं मागं ढकललं होतं. रुपीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली: आधी दारात, मग अंगणात, मग शेताच्या बांधावर. बांधापर्यंत पोचल्या त्या आठवड्यात रंजनाची गाभण शेळी रानातून परतली नाही. वावर गावाकडच्या रानात बिबट्या दिसल्याचं लोक बोलतच होते. सोम्या म्हणाला, "त्यानंच नेली." रंजना मात्र हाका मारत फिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपीनं लवंगेची डबी बांधावरच्या सादड्याच्या बुंध्याशी ठेवली आणि कवडीला सोडलं. कवडी सादड्याच्या दिशेनं निघाली, अर्ध्यात थबकली, नाक वर केलं आणि वळली. सादडा डावीकडं राहिला, ती ओहोळाकडं चालली. हाक मारली तर कुत्री थांबली असती, पण इतक्या महिन्यांनी ती पहिल्यांदाच एवढ्या लांब आपणहून जात होती. रुपी ओठ आवळून मागं चालत राहिली.

करवंदीच्या जाळीच्या अलीकडं कवडी थांबली. पुढं पाऊल टाकेना, मागंही येईना. तीन पायांवर थरथरत तिथंच बसली आणि रुपीकडं बघून एकदा भुंकली. रुपीनं जाळी बाजूला सारली. आत रंजनाची शेळी पडली होती. तार पोटाला आवळली होती. ती जिवंत होती, पण मान उचलत नव्हती.

रुपीच्या ओरडण्यानं रंजना धावत आली, पाठोपाठ सोम्या. त्यानं पक्कड आणून तार तोडली. शेळी उठली नाही. रंजनानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि नवऱ्याकडं न बघता विचारलं, "बिबट्यानं नेली म्हणाला होतास ना?"

"दोनच ठेवले होते गं. ओहोळाकडचे. तिकडूनच डुकरं येतात."

"काल मी याच जाळीच्या वरच्या बाजूनं दोनदा गेली. तू माझ्याबरोबर होतास." रंजनाचा आवाज चढलेला नव्हता. "तू इकडं वळू दिलं नाय मला."

सोम्या तुटलेली तार गुंडाळू लागला. रुपीला वाटलं होतं की असा क्षण आला तर आपल्याला बरं वाटेल. तसं काहीच झालं नाही. तिला फक्त शेळीच्या पोटातली पिल्लं दिसत होती. दुपारपर्यंत शेळी गेली.

संध्याकाळी सोम्यानं राहिलेली तार आणि साठवणीतलं सगळं भेंडोळं रुपीच्या दारात आणून फेकलं. "घे. आता तुझी कुत्री हाकलील डुकरं." कवडी आत पळाली. रुपीनं ती वेटोळी काठीनं ढकलत नेऊन परसात खोल पुरली.

डुकरं यायची होती ती आलीच. रुपी माळ्यावर बसली, डबा वाजवला, शेकोट्या पेटवल्या. वरचा तुकडा वाचला, ओहोळाकडचा गेला. भाताच्या धाटांचा लगदा झाला होता. पांड्या फोनवर इतका ओरडला की रुपीनं फोन कानापासून लांब धरला. दिवाळीला आला तेव्हा तो भावाकडं जेवला आणि तिकडंच झोपला. सकाळी येऊन म्हणाला, "पुढल्या सालचं नांगराचं तुझं तू बघ. तो नाय येणार." रुपी म्हणाली, "बघेन." कसं बघणार ते तिला माहीत नव्हतं.

शलाकाचा फोन आला. नाशिकला पुढचा मेळा होता आणि तिथं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं की जमिनीवर कुठं दोरी किंवा वायर दिसता कामा नये. रुपीनं सांगितलं, "औंदा नाय जमायचं. भात झोडायचं हाय." कवडी त्या वेळी अंगणाच्या टोकाला, कुडाच्या भोकातून बाहेरचं हुंगत उभी होती. ती आता एकटी पाणवठ्यापर्यंत जायची आणि परत यायची. ओहोळाकडं मात्र जायची नाही.

झोडणीला सोम्या आला नाही. रंजना आली. कोणी बोलावलं नव्हतं. कमरेला पदर खोचून ती रुपीच्या समोर उभी राहिली आणि दोघी पेंढ्या आपटू लागल्या. दाण्यांची रास वाढत गेली. मग हात न थांबवता रंजना म्हणाली, "तो पुढल्या साली परत लावणार. मला ठाऊक हाय."

रुपीनं मान वर केली.

"लावला की मी तुला सांगेन," रंजना म्हणाली. "त्याला सांगू नको मी सांगितलं म्हणून."

आणि तिनं पुढची पेंढी उचलली.