अधांतरी आवळलेले बोल्ट

बाबांनी आपल्या जुन्या मोटारीचं पुढचं सस्पेन्शन बदलायला घेतलं आणि मदतीला बोलावलं कुणाला, तर भावोजींना. वीस वर्षं बाबांच्या गॅरेजमध्ये घासतोय मी, आणि भावोजींचं आपलं स्पेअरपार्टचं दुकान! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. “तू गिऱ्हाइकांकडे बघ,” असं म्हणून बाबांनी मागच्या शेडचं दार लोटून घेतलं. ही गाडी ज्याच्या हाती, त्याच्याच हाती उद्या गॅरेज, असं मी धरून चाललो होतो.

पोटात दुखत होतं, खोटं कशाला बोलू? आतून दोघांचं हसणं ऐकू आलं की माझा पाना सटकायचा. हातमोजे घालून काम करणारा माणूस! आयत्या बिळावर नागोबा.

चौथ्या दिवशी दुपारी दोघं जेवायला गेले, तेव्हा आत डोकावलो. गाडी अजून स्टँडवर, पुढची चाकं लोंबकळलेली. नवे शॉक, नवे आर्म, आर्मच्या सांध्यात नवे रबरी बुश. आणि बुशच्या बोल्टांवर पांढरी रेघ. आमच्याकडे बोल्ट पूर्ण आवळला की रंगाची रेघ मारतात. पण हे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पडल्यावरच आवळायचे; नाहीतर पिळलेलं रबर गाडी वर धरून ठेवतं आणि लवकर फाटतं. बाबांनी मला दिलेला हा पहिला धडा. सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, पडू दे तोंडावर.

संध्याकाळी बाबा गाडी कोपऱ्यापर्यंत फिरवून आले. पुढून दोन बोटं उचललेली, प्रत्येक खड्ड्यात दणकत होती. सगळ्या कारागिरांसमोर मी तोंड सोडलं.

“अधांतरीच आवळलेत बोल्ट! एवढंही कळत नाही, भावोजी? दुकानात बसून पार्ट विकणं वेगळं!”

भावोजी बाबांकडे बघत राहिले.

“त्यांना कशाला बोलतोस? मी आवळले,” बाबा म्हणाले. “गाडी आधी खाली घ्यायची का, विचारलं होतं त्यांनी. मीच खेकसलो त्यांच्यावर.”

“तुम्ही? अहो बाबा, हे तर तुम्हीच मला...”

“हल्ली विसरतो रे. सहा महिने झाले.” त्यांनी आवाज खाली आणला. “तुझ्या नजरेतून सुटलं नसतं, म्हणून तर तुला बाहेर ठेवलं.”

सुटलं नव्हतंच. दुपारीच पाहिलं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.