अडीचमधला ठिपका

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. तुम्ही फोनवर एखादं संकेतस्थळ उघडता ना, त्याची पानं कुठल्या तरी यंत्रात साठवलेली असतात आणि मागितली की तिथून तुमच्याकडे येतात. तसलंच मी एक यंत्र. लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर माझा मुक्काम. खोलीला खिडकी नाही, गारठा बारमाही, आणि सोबतीला पंख्यांची घरघर.

कारखान्यात मला स्क्रूंनी आवळलं, तापवून पाहिलं आणि पास करून इकडे पाठवलं. इथल्या कंपनीने मला कुणा एकाच्या हवाली केलं नाही. अनेकांना थोडी थोडी जागा भाड्याने दिली. स्वस्तात काम होतं म्हणून भाडेकरूही खूश. माझ्या पोटात स्वेटरचं दुकान, कुत्र्यामांजरांचा दवाखाना, कुणीही न वाचलेल्या कवितांचा एक कवी आणि नर्सिंग शिकवणाऱ्या एक बाई असे सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते. शेजार बघून घर घ्यावं म्हणतात, पण माझ्या भाडेकरूंना शेजारी कोण हे ठाऊकच नसे.

बाई औषधाच्या मात्रेचं गणित शिकवायच्या. पुढे त्यांना ऐकू येईनासं झालं आणि वर्ग सुटला. मग त्यांनी सगळे धडे संकेतस्थळावर आणले. मुली त्यांना अंदाजबाई म्हणत. कारण उदाहरण सोडवण्याआधी त्या तळहात पुढे करायला लावत आणि औषध साधारण किती भरेल ते बोटाने दाखवायला सांगत. प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्यांचं एकच वाक्य असे: ‘आधी अंदाज, मग आकडा.’

आता अडचण अशी, की गणिताचं सूत्र साध्या ओळीत नीट मावत नाही. एक गोष्ट वर, एक खाली, मधे आडवी रेघ. ते मांडणारा एक प्रोग्रॅम असतो, पण माझ्यात तो बसवायची भाडेकरूंना परवानगी नव्हती. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा नाही, तसला नियम. म्हणून बाईंची लेक घरी बसून एकेका सूत्राचं सुबक चित्र करी आणि बाई ते पानावर लावत. लांबलांबच्या दवाखान्यांतून मुलींचे निरोप येत, ‘बाई, तुमच्या पानामुळे आज निभावलं.’ ते निरोप माझ्याच हातून जायचे, आणि मला उगीच मूठभर मांस चढायचं.

वर्षं गेली. माझ्या जाळीत धूळ बसली, पोट गच्च भरलं. साठवायची जागा वाढवायच्या ऐवजी वरून हुकूम आला, सगळ्यांची चित्रं लहान करा. देखरेखीवरचा तंत्रज्ञ फोनवर म्हणाला, “साहेब, भाडेकरूंना एकदा विचारूया का?”

पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे. “बरं, करतो,” म्हणून त्याने फोन ठेवला आणि बटण दाबलं.

स्वेटर जरा पुसट झाले, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. बाईंच्या एका सूत्रात ‘२.५’ होतं. त्यातला ठिपका सुईच्या टोकाएवढा. चित्र आकसलं आणि ठिपका गेला. मागे राहिले पंचवीस. मला पत्ताही नव्हता. अक्षरं मी वाचू शकतो, चित्रातलं मला वाचता येत नाही.

मग ती दुपार आली. कुणी तरी ते पान उघडलं, आणि थोड्याच वेळात बाईंच्या प्रश्नपेटीत निरोप पडला:

‘बाई, मी तुमची जुनी विद्यार्थिनी. बाळ तापाने फणफणलंय. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेत, फोन लागत नाही. तुमच्या सूत्राने औषध भरलं तर सिरिंज पूर्ण भरली. माझा अंदाज बोटाच्या पेराहून कमी होता. चुकतंय कोण, मी की पान? औषध अजून दिलेलं नाही. त्याची आई समोर बसलीय. लवकर सांगा.’

वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. निरोप ईमेलने बाईंकडे धाडायचा, एवढंच माझं काम. पण नेमकं त्याच दुपारी स्वेटरवाल्याने सेल लावला होता. त्याची ईमेलची हजारो जाहिरातपत्रं माझ्या दारात रांग लावून उभी होती, आणि बाळाचा निरोप रांगेत सगळ्यांच्या मागे. मला मधूनच कुणाला पुढे घेता येत नाही. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ‘दोन घ्या, तिसरा फुकट.’ ‘दोन घ्या, तिसरा फुकट.’ तेच पत्र मी ओरडता न येणाऱ्या तोंडाने पाठवत राहिलो.

पानांना ही रांग नसते; नर्स ते पान पुन्हा पुन्हा मागत होती. दर खेपेला मी तिला तेच पंचवीस देत होतो. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला होता. तिने अंदाज सोडून माझ्यावर विश्वास ठेवला तर? पंखे फुल वेगाने फिरायला लागले, तरी मी तापत गेलो. शेवटी भिंतीवरचा भोंगा वाजला.

तंत्रज्ञ चहा अर्धा टाकून आला. “काय झालं रे म्हाताऱ्या?” म्हणत त्याने पडद्यावर रांग पाहिली आणि कपाळाला हात लावला. लगेच दुकानदाराला फोन. “भाऊ, एका दमात एवढी पत्रं सोडतात का? ... हो, सेल आहे ते कळलं. पण इथे तुम्ही एकटे राहत नाही ना. थांबवतोय मी, संध्याकाळी बोलू.”

जाहिराती बाजूला झाल्या. निरोप सुटला.

बाईंनी उत्तर लिहिलंच नाही. उत्तर रांगेत अडकेल हे त्यांना कसं सुचलं देव जाणे, पण त्यांनी थेट पानच उघडलं, चित्र काढून टाकलं आणि तिथे साध्या, ठळक अक्षरांत लिहिलं: ‘तो आकडा अडीच आहे. पंचवीस नाही. पोरी, सिरिंज रिकामी कर. नव्याने भर. तुझा अंदाज बरोबर आहे.’

पुढच्याच खेपेला नर्सने पान मागितलं. मी ते दिलं. त्यानंतर तिने काही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रश्नपेटीत एकच ओळ आली: ‘बाई, ताप उतरला, बाळ भुकेने रडतंय, सगळा वॉर्ड डोक्यावर घेतलाय.’

आता बाईंच्या प्रत्येक सूत्राखाली तो आकडा अक्षरांतही लिहिलेला असतो. लेकीने एकेक चित्र पुन्हा केलं, ठिपके चांगले ठसठशीत. तंत्रज्ञाने चित्रं लहान करणं बंद केलं, आणि साहेबांशी कडाकडा भांडून नवं यंत्र मागवलं. म्हणजे माझी सद्दी संपली. सगळी बिऱ्हाडं तिकडे हलली की मला भंगारात काढतील. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. माझ्यासारख्या यंत्रांची धूळ पुसा, जागा वेळेवर वाढवा, हे तर मी सांगेनच. पण आमच्यावर डोळे मिटून विसंबू नका. आम्ही हुकूम पाळतो, ठिपका गेला तरी आम्हाला कळत नाही. तळहात तुमचाच पुढे करा.

आणि नव्या यंत्रा, बाईंचं सामान सांभाळून उतरव बाबा. त्यात एक ठिपका आहे.