सशाचं गाऱ्हाणं

मालवणच्या बाजारातल्या सायबर कॅफेत प्रितेशला फुकट बसू देत, ते त्याच्या तोंडासाठी. कामधंदा यथातथाच. पण इंटरनेटवरची चक्रम बातमी हुडकावी आणि तिचं गाऱ्हाणं घालावं तर त्यानेच! देवळात गुरव देवाला साकडं घालतो, अगदी त्या सुरात. "बा देवा म्हाराजा, थंय जर्मनीत एका सशान पोलिसांची गाडी अडवून ठेवल्यान..." आणि सगळे एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" "त्या सशाक फौजदार कर रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" हसून हसून मुरकुंडी वळायची.

आज कोणी हसत नव्हतं. प्रितेशचा थोरला भाऊ बाळा काल पहाटे होडी घेऊन गेला, दुपारी वारा पिसाळला, आणि तो अजून परतला नव्हता. बंदरावर प्रितेशचा पाय ठरेना, घरात वहिनीसमोर बसवेना. कॅफेत आला, तर पान उघडता उघडेना. उठून दारात गेला, परत बसला, परत उठला. नेट आज मेलं मुद्दाम रांगत होतं.

शेवटी मथळा उमटला. 'बळीचा कोंबडा तरला, मालक बेपत्ता!'

होडीच्या फुटक्या फळीला बांधलेला कोंबडा किनाऱ्याला लागला होता. तो प्रितेशनेच बाजारातून आणलेला. परतताना खाडीच्या तोंडाशी तिथल्या राखणदार देवाला द्यायचा म्हणून बाळाने होडीत घेतला होता. बातमीखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'आता रस्सा कोण खाणार?' प्रितेशच्या डोक्यात तिडीक गेली. मग वाटलं, ही बातमी ब्राझीलची असती तर आपण याहून खमंग काहीतरी जोडलं असतं. स्वतःचीच शिसारी आली त्याला.

तेवढ्यात दारात चंद्रावती, बाळाची बायको.

"भावजीनू, बातमी इली म्हणतत. खंय आसा?"

"कायएक नाय गो वयनी." त्याने पडद्यावर हात धरला.

तिने तो बाजूला केला. सावकाश, एकेक अक्षर लावत वाचलं. रडली नाही.

"लोक हसतत ह्याका?"

प्रितेशने बातमी बंद केली.

"रोज गाऱ्हाणा घालतास मां हयसर? मगे आज घाला."

तो उभा राहिला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा..." सशासाठी जीभ कशी सरसर चालायची! "आमचो बाळा..." पुढे शब्दच फुटेना. रोज ओ देणारी माणसं माना खाली घालून बसली होती. मागणं अजून ओठांवर आलंही नव्हतं.

"व्हय म्हाराजा," चंद्रावती एकटीच म्हणाली.