नरम फोम

पाठदुखीमुळे आठ दिवस रजा मागितली म्हणून सोनजेसाहेबांनी मल्हारीला सिन्नरच्या कारखान्यातून काढून टाकलं. त्याने नाशिकला बाइकच्या सीट बनवायचं दुकान टाकलं. सहा वर्षांनी सोनजे तिथे आले, पण त्यांनी त्याला ओळखलं नाही.

"लडाखला चाललोय. आरामशीर सीट करून दे."

लांबच्या प्रवासाला कडक फोम लागतो, हे मल्हारीला पक्कं ठाऊक होतं. त्याने मुद्दाम नरम भरला. सोनजे बसून बघून खूश झाले.

तिसऱ्या दिवशी उदयपूरहून त्यांचा फोन आला. "सीट पार दबली रे. कंबर धरलीय, उठवत नाही. ट्रेनने परत येतोय."

"साहेब, मी मल्हारी. तुम्ही कारखान्यातून काढलेला."

मल्हारीने फोन ठेवला आणि त्या दुपारी तो पोटभर जेवला.